दहा इंची गोल

पिंजरा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आमच्या धंद्यात पहिला प्रश्न एकच विचारतात : कुठं टांगणार?

पक्षी कुठला, केवढा, एकटा की जोडी, हे सगळं नंतर. बहुतेक वेळा नाहीच. ओसरीत टांगणार म्हटलं की गोल, दहा इंची. खिडकीपाशी म्हटलं की चौकोनी. दुकानाच्या दारात म्हटलं की रंगीत आणि वर घुमट. हा प्रश्न मला वडिलांनी शिकवला आणि मी तो तीसेक वर्षं इमानेइतबारे विचारला. गिऱ्हाइकाला तो आवडायचाही. आपल्या ओसरीची कोणी एवढी चौकशी केली की माणूस खूश होतो आणि फार घासाघीस करत नाही.

गोंदिया म्हणजे धान आणि राइस मिल. त्यामुळे आमचं पोटापाण्याचं काम जाळ्यांचं होतं. मिलच्या चाळण्यांना लागणाऱ्या जाळ्या, घरगुती चाळण्या, आणि जिथं धान तिथं उंदीर, म्हणून उंदरांचे पिंजरे. पोपटाचे पिंजरे ही जोडकामं. पण बाजारात मला ओळखायचे ते 'पिंजरेवाले' म्हणूनच. आयुष्यभर मिलवाल्यांच्या जाळ्या विणल्या, त्याचं नाव कोणी घेतलं नाही. दुकानापुढं चार पिंजरे टांगले तर तेच नाव चिकटलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पिंजरा म्हणजे तारा वाकवल्या की झालं. तसं नाही. तारेचं वेटोळं आधी सरळ करावं लागतं. वाकडी तार पिंजऱ्यात गेली की तिचा वाकडेपणा शेजारच्या चार तारांना लागतो. मग खालची कडी, मधली कडी, दोन तारांमधलं अंतर. अंतर जास्त झालं तर पक्षी डोकं घालतो. आणि शेवटी डोक्यावरची गाठ. सगळ्या तारा वर जिथं एकत्र येतात तिथं मी साडेतीन पीळ द्यायचो आणि टोक आत दडपायचो, म्हणजे कोणाच्या बोटाला टोचणार नाही. अर्धा पीळ कायले, असं मला एकानं विचारलं होतं. कारण वडील तीन द्यायचे आणि मला त्यांच्यापेक्षा जरा जास्त पक्कं काम करायचं होतं, एवढंच. त्या गाठीचा मला फार अभिमान होता. माझा पिंजरा शंभरात ठेवला तरी मी अंधारात नुसता हात लावून ओळखला असता.

गोल पिंजऱ्याचं गुपितही सांगून टाकतो. आता दुकान बंद झालंय, धंद्याचं नुकसान व्हायचं नाही. गोल पिंजऱ्याला तार कमी लागते, कोपरे जोडावे लागत नाहीत आणि एका हुकावर तो सरळ लटकतो. म्हणून आम्ही गोल करायचो. पक्ष्याला गोल आवडतो म्हणून नव्हे. पक्ष्याला खरं म्हणजे कोपरा लागतो, भ्यायला झालं की अंग चोरून बसायला. हे मला कळलं तेव्हा माझे केस पिकले होते.

चुका मी पुष्कळ केल्या. एका मिलवाल्या शेठजींनी मला सांगितलं, "भैया, ऐसा पिंजरा बनाओ कि पूरे गोंदिया में किसी के पास न हो." मी तीन मजली पिंजरा केला. वर पाच घुमट, प्रत्येकावर पितळी कळस. शेठजींच्या दिवाणखान्यात तो महिनाभर पाहुण्यांना दाखवला गेला. घुमटात तारा वर जाता जाता जवळ येतात आणि पोपटाला स्वभावतः सगळ्यात उंच जागी बसायचं असतं. त्याच्या पायाचं बोट त्या फटीत अडकलं. शेठजींचा नोकर मला बोलवायला आला तोवर बोट गेलं होतं. शेठजी म्हणाले, "पिंजरा तो अच्छा है, तोता ही बेवकूफ है." मलाही तेव्हा ते पटलं होतं.

दुसरी चूक फुलचूरच्या एका शिक्षिकाबाईंची. म्हणजे माझीच, पण घर त्यांचं. त्यांना भिंतीच्या रंगाला शोभेल असा हिरवा पिंजरा हवा होता, लव्हबर्डच्या जोडीसाठी. मी तेलरंगाचे दोन हात दिले, छान चकचकीत. ते पक्षी दिवसभर तारा कुरतडतात. पंधरा दिवसांत पिंजऱ्याचा हिरवा रंग पक्ष्यांच्या पोटात गेला आणि दोन्ही मेले. बाई भांडल्या नाहीत. पिंजरा धुऊन परत आणून दिला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला देऊ नका." त्यानंतर मी रंग देणं बंद केलं. बाकी सगळं पूर्वीसारखंच चालू ठेवलं.

आता कटऱ्यांचं सांगतो.

कटरेभाऊ नागऱ्याच्या पुढच्या एका गावचे पोवार शेतकरी. नव्याण्णव साली महाशिवरात्रीच्या यात्रेला आमच्याच भागातल्या प्रतापगडला गेले होते, तिथून येताना टोपलीवाल्याकडून पोपटाचं पिल्लू घेऊन आले. खांद्यावर लाल ठिपका उमटणारा, मोठ्या चोचीचा, ज्याला आमच्याकडे पहाडी म्हणतात तो. त्या वेळी ते मुठीत मावेल एवढंच होतं, अंगावर अर्धी पिसं. कटऱ्यांनी ते दुपट्ट्यात गुंडाळून आणलं होतं.

मी विचारलं, "कुठं टांगणार?"

"दारापाशी, ओसरीत. लाकडाले हूक आहे ना जी."

दुकानात तेव्हा एक मोठा चौकोनी पिंजरा पडून होता. कोणीतरी सांगून करवून घेतला आणि न्यायला आलाच नाही. कटरे त्याच्याजवळ गेले. त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"हा कसा का राहीन?"

मी हसलो. म्हटलं, "भाऊ, पिल्लू केवढं, पिंजरा केवढा! आणि दारापाशी हा टांगला तर येता-जाता डोक्याला लागंल सगळ्यांच्या." आणि दहा इंची गोल त्यांच्या हातात दिला. त्याला हात जाईल एवढंच दार होतं. पिल्लू त्यातून सहज आत गेलं. गाठीवर बोट फिरवून मी सांगितलं, "हा पंधरा वर्षं हलणार नाही."

ते मोठं धूड मी नंतर तोडून त्याच्या तारेचे उंदरांचे पिंजरे केले.

अकरा वर्षांनी, म्हणजे दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात, कटरे पुन्हा दुकानात आले. केस पांढरे झालेले, मी काही ओळखलं नाही. हातात कापड झाकलेला पिंजरा होता. कापड काढलं तर आत पोपट. पिंजरा पोपटानं भरलेला, असंच म्हणावं लागेल. शेपूट तारांना घासून घासून तुटलेलं, खराट्यासारखं. दांडीवर बसल्यावर डोकं वरच्या तारांना लागत होतं, म्हणून तो मान एका बाजूला घालून बसला होता. एक पाय वर धरला होता. तळवा सुजून फुटला होता.

"हा दुसऱ्या पिंजऱ्यात टाकाचा आहे जी," कटरे म्हणाले. "डॉक्टरीणबाईनं सांगितलन. पायात सडून राहिला. याच पिंजऱ्यात राहिला तं मरते म्हने."

"मग बाहेर काढा ना, मी मोठा देतो."

"निंगत नाही. दार लहान पडते. हात टाकला तं चावते, पंख आपटते. अकरा वरीस झाले, एकदाही बाहेर नाही निंगला."

मी पिंजरा वळवून पाहिला. एक तार ढिली नव्हती. गंजसुद्धा खालच्या कडीलाच. आणि डोक्यावर माझी गाठ. साडेतीन पीळ, टोक आत दडपलेलं. त्याबरोबर मला सगळं आठवलं, दुपट्टा, पिल्लू, मोठ्या पिंजऱ्यावर ठेवलेला हात.

मी विचारलं, "कुठून घेतला होता हा?"

"असाच, बजारातून," ते म्हणाले.

मी मान हलवली. मला लाज वाटली, हे आज लिहायला सोपं आहे. त्या वेळी मला एवढंच वाटलं, की बरं झालं, यांना आठवत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातल्या तरुण बाई, बाहेरगावच्या. कटऱ्यांच्या सोबत मी त्यांना भेटलो. त्यांनी मला दांडीबद्दल सांगितलं. मी पिंजऱ्यात लाकूड कातणाऱ्या खराद्याकडून करून घेतलेली गुळगुळीत दांडी घालायचो, सगळीकडे एका जाडीची. दिसायला सुबक. पण पक्षी त्यावर बसतो तेव्हा रोज तळव्याच्या त्याच जागेवर भार येतो आणि तिथंच घट्टा पडून फुटतो. झाडाची फांदी कुठं जाड, कुठं बारीक असते म्हणून त्यांचे पाय चांगले राहतात. तीस वर्षांत मी एकदाही झाडावर बसलेल्या पोपटाचे पाय पाहिले नव्हते.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. "काका, हा देशी पोपट आहे. कायद्यानं घरात ठेवताच येत नाही. पाय बरा करून घ्या आणि वनखात्याकडे द्या. त्यांच्याकडे मोठ्या जाळीच्या खोलीत सोडतात अशा पक्ष्यांना. पण आज दिला तर हा तिथं टिकणार नाही. याला दोन पावलं सरकायची सवय नाही."

कटरे बाहेर आल्यावर म्हणाले, "मरन तं माह्या घरी मरन. जंगलवाल्याइले नाही देत."

त्यांचे दोन्ही मुलगे कामाला बाहेर होते. घरात ते आणि त्यांची बायको. त्या पोपटाला एकच वाक्य येत होतं. कटरे पहाटे उठून कालव्याच्या पाण्याची चौकशी करायचे, ते ऐकून ऐकून शिकलेलं. उजाडलं की तो ओसरीतून ओरडायचा, "पानी आला का?" अगदी कटऱ्यांच्या आवाजात. शेजारचे लोक त्याला उत्तरही द्यायचे.

मी मोठा पिंजरा केला. पाच फूट लांब, तीन फूट उंच, कुठल्याच हुकावर टांगता न येणारा. ओसरीत जमिनीवर, विटांवर ठेवायचा. रंग नाही, घुमट नाही. पण त्यात पक्षी घालायचा कसा? दहा इंची पिंजरा एकदम कापला तर तो घाबरून आपटून मरेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पंधरा वर्षं न हलणारा पिंजरा केल्याचं फळ असं माझ्याच पुढ्यात आलं.

शेवटी मी मोठ्या पिंजऱ्याची एक बाजू उघडून जुना पिंजरा पोपटासकट तसाच्या तसा आत ठेवला. आणि ठरवलं, की दर मंगळवारी दुकान बंद असतं तेव्हा यायचं आणि चार-चार तारा कापायच्या.

पहिल्या मंगळवारी पक्कड लावली तर तो असा किंचाळला, की कटऱ्यांची बायको हातातलं सूप टाकून धावत आली. माझ्या अंगठ्याची साल निघाली. पोपट विरुद्ध बाजूला चिकटून बसला आणि मी जाईपर्यंत हलला नाही. पोपट तुकडे गिळतो, म्हणून तारेचा प्रत्येक तुकडा मी मोजून खिशात घालायचो. दुसऱ्या मंगळवारी कापलेल्या जागेतून पेरूची, आमच्याकडे जांब म्हणतात त्याची, फांदी आरपार घातली. तिसऱ्या मंगळवारी तो त्या फांदीवर बसला होता, पण जुन्या पिंजऱ्यातल्या भागावर. बाहेरच्या अर्ध्या फांदीवर पानं होती, तीही त्यानं खाल्ली नव्हती.

असे दोन महिने गेले. समोरची बाजू मोकळी झाली, मग डावी. तो मात्र उरलेल्या तारांना पाठ लावून बसायचा. पाच फुटांच्या पिंजऱ्यात त्यानं आपली दहा इंचाची जागा सोडली नाही. पाय मलमानं भरत आला होता. शेपटीला नवी पिसं फुटली होती आणि ती आता कुठं अडत नव्हती. पण तो सरकत नव्हता.

कटरे बाजूला खाटेवर बसून पाहायचे. फार बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, "काऊन येऊन राहिले जी तुमी दर मंगरवारी? दुसरा कोनी एवढा नाही करत."

मी म्हटलं, "काम हाती घेतलंय, पुरं करतो."

हे बोलताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सांगायची ती वेळ होती. पण मी पक्कड कापडानं पुसत बसलो आणि ती वेळ गेली.

शेवटच्या मंगळवारी चार तारा, खालची कडी आणि वरची गाठ एवढंच उरलं होतं. मी चारही तारा कापल्या आणि कडी बाहेर काढली. गाठ मोठ्या पिंजऱ्याच्या छताला बांधून तशीच लटकत ठेवली, कारण तो झोपताना ती चोचीत धरतो, असं कटऱ्यांची बायको म्हणाली. आता त्याच्याभोवती जुनं काही नव्हतं. तो फांदीवर तसाच, मान एका बाजूला घालून बसला. डोक्यावर फूटभर जागा मोकळी होती तरी मान वाकडीच.

आम्ही दोघं चहा प्यायलो. मी निघायच्या तयारीत उठलो आणि मागं काहीतरी फडफडलं.

पोपटानं मान सरळ केली होती. आधी एक पंख उघडला, थोडा, आणि थांबला, कारण त्या अंतरावर तार लागते हे त्याला माहीत होतं. तार लागली नाही. मग त्यानं तो पूर्ण उघडला. मग दुसरा. दोन्ही पंख ताणून तो तसाच उभा राहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगला दोन फूट पक्षी. पंखांच्या आतली पिसं फिकट पिवळसर हिरवी होती. ती आम्हा दोघांपैकी कोणीच पाहिली नव्हती.

कटरे खाटेवरून उठले. बराच वेळ पाहत राहिले.

"इतका मोठा होता का जी हा?" ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितलं.

महिन्याभरानं कटरे दुकानात आले. सोबत कोणाच्या तरी ट्रॅक्टरमध्ये तो मोठा पिंजरा, रिकामा.

"दिला?" मी विचारलं.

"देलो. मोठी जारीची खोली आहे, अंदर झाड आहे. पहिले खालीच बसला. मंग वर गेला. मी बलावलो तं पाहिलन नाही." मग म्हणाले, "सकारी कोनी इचारत नाही आता, पानी आला का म्हनून."

मी त्यांना बसायला स्टूल दिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. वर चार गोल पिंजरे टांगलेले होते, दहा इंची, विकायला ठेवलेले. त्यांच्याखाली बसून गप्प राहणं मला जमेना.

"कटरेभाऊ," मी म्हटलं, "तो जुना पिंजरा माझ्या हातचा होता. तुम्ही त्या दिवशी मोठ्यावर हात ठेवला होता. मीच तुम्हाला लहान दिला."

त्यांनी कुर्त्याच्या खिशातून माझी ती गाठ काढली, साडेतीन पिळांची, आणि गल्ल्यावर ठेवली.

"मालूम होता ना जी," ते म्हणाले. "म्हनून तं तुमच्याकडेच आनलो. ज्यानं बांधलन, त्यालेच खोलता येते."